कपाळाला लावलेलं पुस्तक

विभाबद्दल लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. आमच्या क्योतोतल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कुणाचा तरी परिचय छापून येतो. तो माणूस बहुतेक वेळा प्रोफेसर असतो, नाहीतर तोक्योला तोयोसुच्या एखाद्या काचेच्या इमारतीत मोठ्या हुद्द्यावर बसलेला कुणीतरी आयटीवाला. विभाचं नाव शेवटच्या पानावर, 'विशेष आभार' या मथळ्याखाली, चहा केलेल्या बायकांच्या रांगेत सापडतं. मला या प्रकाराचा कंटाळा आलेला आहे, तेव्हा हे तिच्याबद्दल.

विभा मूळची चिंचवडची. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन ती पुण्यातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत लागली. तिथे तिचं मुख्य काम पुस्तकांवर शिक्के मारायचं. नवं पुस्तक आलं की पहिल्या पानावर जांभळा शिक्का, शेवटच्या पानावर एक, आणि मध्ये एका ठरलेल्या 'गुप्त' पानावर तिसरा. ते गुप्त पान कोणतं हे कॉलेजातल्या शिपायापासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. शिक्का चित्रावर पडो, कवितेवर पडो, कुणी काही म्हणत नसे. पण तेच पुस्तक हातातून खाली पडलं तर मात्र सगळ्या लायब्ररीचा जीव कळवळायचा. उचलायचं, कपाळाला लावायचं, मग जागेवर ठेवायचं. आपण सगळेच असे वाढलो. पुस्तकाला पाय लागला की हात आधी जातो आणि डोकं मागून येतं.

लग्न झालं ते रवींद्रशी. रवींद्र भाताच्या मुळांवर संशोधन करतो आणि नास्तिक आहे. दोन्ही गोष्टी तो न विचारता सांगतो. दोन वर्षांसाठी म्हणून ती दोघं क्योतोला आली. त्यांची मुलगी सारा इथेच जन्मली, आता माध्यमिक शाळेत जाते आणि आईने मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते. ती दोन वर्षं अजून संपायची आहेत.

विभाने सुरुवातीला इथे आलेल्या बायका करतात ते सगळं केलं. डब्याच्या कारखान्यात बाइतो केला, म्हणजे तासांवरची नोकरी; कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, रात्रपाळीच्या आधीची पाळी केली, कचऱ्याचे सात प्रकार पाठ केले, जपानी शिकली. मग एका खासगी विद्यापीठाच्या लायब्ररीत तिला काम मिळालं. तिथल्या जुन्या दुर्मीळ पुस्तकांची पानापानाचे फोटो काढून डिजिटल प्रत करत होते. विभाचं काम संगणकावर फोटो तपासायचं: पान वाकडं आलंय का, एखादं सुटलंय का, अक्षर धूसर आहे का. मूळ पुस्तकाला हात लावायची तिला परवानगी नव्हती. काचेपलीकडे दुसरी माणसं पानं उलटायची आणि ती अलीकडे बसून बघायची. अशी कितीतरी वर्षं गेली. तिने तक्रार केली नाही, पण काचेकडे बघणंही सोडलं नाही. मला एकदा बसमध्ये म्हणाली, "लायब्ररीयन झाले गं मी, आणि पुस्तकं टीव्हीवर बघते."

एका वसंतात तिचे वरिष्ठ हिराइवा-सान तिला म्हणाले, आता तुम्ही आत या.

तिला काय झालं असेल ते लिहून सांगता येणार नाही. त्या दिवशी ती सायकल हातात धरून चालत घरी आली, बसायचं विसरली. आपल्या नावाची अशी एकच गोष्ट या गावात तिला मिळाली होती. बाकी ती रवींद्रची बायको होती, साराची आई होती, आणि मंडळाच्या चहाची जबाबदारी होती.

आत जाण्याचे नियम कडक. अंगठी, घड्याळ, नखांचा रंग बंद. हाताला क्रीम नाही, ओठांना मलम नाही, पेन नाही. हातमोजेसुद्धा नाहीत, कारण मोज्यात बोटांना पान कळत नाही आणि ते फाटतं. बूट बाहेर काढून पातळ सपाता घालायच्या. आणि काहीही घडलं तर लगेच सांगायचं; मूळ पुस्तकाला ज्याच्या हातून इजा होईल तो बाहेर. नियम कुणी ओरडून सांगत नाही. भिंतीवर लावलेले आहेत.

तिच्याकडे आलेल्या पहिल्या काही पुस्तकांतलं हे एक. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या उतरणीला छापलेलं, तळहाताएवढं, पांढुरक्या कातड्यात बांधलेलं. बाजाराला निघालेल्या माणसाने कोटाच्या खिशात टाकावं म्हणून ते केलेलं होतं. आपलं पंचांग आणि आजीबाईचा बटवा एकाच पिशवीत कोंबला तर जे होईल ते त्यात होतं. अमावास्या-पौर्णिमा, भरती-ओहोटी, कोणत्या गावी कधी जत्रा भरते, लाकडाची फळी कशी मापावी, घोड्याचं वय दातांवरून कसं ओळखावं, शाई कशी घोटावी, दाढ दुखली तर काय करावं, पिसाळलेलं कुत्रं चावलं तर काय करावं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार आशादायक नव्हतं, असं विभा म्हणाली.

जपानकडे भरभरून पैसा होता त्या काळात विद्यापीठाने इंग्रजी पुस्तकांचा एक सबंध संग्रह विकत घेतला होता, त्यात हे आलं. असली पुस्तकं टिकत नाहीत. माणसं ती खिशात घामेजवतात, मुलं फाडतात, पानं चुलीत जातात. याच्या जगात दोनच प्रती माहीत होत्या, आणि दुसरीची अर्धी पानं गळलेली. ही इतकी धडधाकट कशी राहिली, असं विभाने विचारलं तेव्हा हिराइवा-सान म्हणाले, "ज्याने घेतलं त्याने कधी वापरलंच नाही." समासात एक शब्द नाही, अंगठ्याचा ठसा नाही, मेणबत्तीचा थेंब नाही. रोजच्या उपयोगासाठी केलेल्या पुस्तकाचा कुणाला काडीचा उपयोग झाला नाही म्हणून ते आता अनमोल होतं. मला हे ऐकून हसू आलं. विभाला आलं नाही.

आता कुंकवाचं सांगते. विभा आमच्यासारखीच टिकली लावायची. त्या वर्षी टिकलीच्या गोंदाने कपाळावर पांढरा चट्टा उठला, आणि त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी टिकली बंद करायला सांगितली. म्हणून ती आईसारखं कुंकू लावायला लागली. आई खाली मेण लावायची. क्योतोत तसलं मेण कुठून आणणार, तर विभा ओठांना लावायचं मलम कपाळाला लावायची आणि त्यावर कुंकू टेकवायची. ओठांना मलम चालत नाही हे भिंतीवर लिहिलेलं होतं. कपाळाबद्दल नियम करणाऱ्यांना सुचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही नाही.

त्या दिवशी सकाळचं काम संपलं. फोमच्या उशीवरचं पुस्तक उचलून पेटीत ठेवायचं होतं. तिने उशी सरकवली, उशीचा एक तुकडा निसटला आणि पुस्तक टेबलाच्या कडेवरून घसरलं. ते फरशीवर पडलं नाही, विभाच्या पायावर पडलं. सपातेतल्या पायावर, घोट्याच्या पुढे, तिथेच राहिलं. कोपरा चेपला नाही, शिवण हलली नाही. तिचा पाय तिथे नसता तर काय झालं असतं कोण जाणे. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

आणि तिने ते उचलून कपाळाला लावलं.

खाली आणल्यावर तिला दिसलं. पांढुरक्या कातड्यावर, बरोबर मधोमध, लाल ठसा. ती सांगते की आधी डोळ्यांपुढे आईच आली आणि म्हणाली, अगं, पुसू नकोस, पसरेल.

त्यात एक गंमत अशी, की त्याच सकाळी तिने ज्या पानांचे फोटो काढले होते त्यांत तेलकट डाग कसा काढावा हेही होतं. मेंढीच्या खुरांची हाडं जाळायची, त्यांची पूड डागावर पसरायची, वर वजन ठेवून रात्रभर ठेवायची. खुरं नव्हती, पण टेबलाच्या खणात मऊ रबर होतं, कोरडा कापूस होता, आणि दुपारच्या जेवणाची वेळ असल्यामुळे बराच वेळ कुणी येणार नव्हतं. पुस्तक पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आज नाही तर उद्या तो ठसा कुणाला दिसलाच असता, पण कुणी लावला हे कोण सांगणार होतं? जुन्या पुस्तकांवर नाही नाही ते डाग असतात. मी तिला विचारलं, "मग? गप्प का नाही बसलीस?"

"आत्ताच माफी मागितली होती ना," ती म्हणाली. "लगेच खोटं कसं बोलू?"

तिने भिंतीवरचा फोन उचलला.

हिराइवा-सान आले. ते निवृत्तीला आलेले, किरकोळ अंगाचे, इतकं हळू बोलणारे गृहस्थ आहेत की समोरच्याला आपोआप पुढे झुकावं लागतं. त्यांनी आधी पुस्तक बघितलं, मग विभाचं कपाळ बघितलं, आणि मग स्वतःच कमरेत वाकून माफी मागितली. उशी नीट आहे की नाही हे बघायचं काम माझं होतं, म्हणाले. त्यामुळे विभाला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर त्यांनी खुर्ची ओढली आणि काय झालं ते विचारलं. तिने सांगितलं. पाय लागला हे सांगताना ती अडखळली.

"पण पायामुळेच पुस्तक वाचलं ना?" हिराइवा-सान म्हणाले.

"हो."

"आणि डाग कपाळामुळे पडला."

"हो."

"मग माफी पायासाठी कशी?"

ते टोचून बोलत नव्हते. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं. विभा म्हणाली, "आमच्यात तसंच आहे." इतकी वर्षं इथे राहून, परीक्षा देऊन, जपानी शिकून अगदी गरजेच्या वेळी तिला एवढंच बोलता आलं. मी असते तर मलाही याहून बरं सुचलं नसतं, पण तिने ते मनाला फार लावून घेतलं.

पुस्तक दुरुस्तीच्या विभागात गेलं. डाग फिका झाला, गेला नाही. विभाला सांगण्यात आलं की तिने 'तोउबुन' बाहेरच्या संगणकावर काम करावं. तोउबुन म्हणजे तूर्तास. जपानी माणसाचं तूर्तास कधी संपतं हे विचारणं उद्धटपणाचं असतं. तिने विचारलं नाही. काही दिवसांनी भिंतीवरच्या नियमांत एका ओळीची भर पडली: मूळ पुस्तकाला चेहरा अथवा कपाळ लावू नये. त्या अख्ख्या इमारतीत पुस्तकाला कपाळ लावणारी बाई एकच होती. ती रोज त्या पाटीसमोरून जायची.

मला त्या पाटीचा राग आला. मी म्हटलं, सोड ते, आपल्या संस्कारांवर नियम काढतात म्हणजे काय! विभा माझ्यावरच चिडली. "अगं, डाग पडलाय. साडेतीनशे वर्षं कोरं राहिलं होतं ते, माझ्या कपाळाचा डाग पडलाय त्यावर. तुझ्या संस्काराचं काय घेऊन बसलीस?" तिला भाषण नको होतं. तिला परत आत जायचं होतं.

थंडीच्या सुरुवातीला ती आपणहून हिराइवा-सानांकडे गेली. म्हणाली, मी कुंकू लावणं सोडते. ते म्हणाले, "रंगाची अडचण नाही, विभा-सान. हाताची आहे. उद्या पुन्हा एखादं पुस्तक पायावर पडलं तर हात कपाळाकडे जाईल ना? कुंकू नसलं तरी घाम असतो, केस असतात. आणि वर जाताना ते पुन्हा पडू शकतं." तिने प्रामाणिकपणे सांगितलं, जाईल. ते म्हणाले, "जाणार नाही असं जेव्हा तुम्हाला सांगता येईल तेव्हा मी वर बोलतो." हे त्यांनी मनापासून सांगितलं होतं. मला त्यांचा राग धरता आला नाही, आणि धरता आला असता तर बरं झालं असतं.

मग विभाने घरी सराव सुरू केला. कोंबिनीत मिळतं ते विटेएवढं जाड चित्रकथांचं मासिक तिने आणलं आणि रवींद्रच्या हातात दिलं. त्याने अचानक, न सांगता, ते तिच्या पायावर टाकायचं. तिने वाकायचं, दोन्ही हातांनी उचलायचं, टेबलावर ठेवायचं, एवढंच. ती कणीक भिजवताना, कचरा वेगळा करताना, फोनवर आईशी बोलताना रवींद्र मासिक टाकायचा. सुरुवातीला प्रत्येक वेळी तिचा हात कपाळाला. रवींद्र हसायचा. एकदा मी तिथे होते. त्याने मासिक टाकलं, ते तिच्या पायाला लागून त्याच्याच पायावर आलं, आणि आमच्या नास्तिकाने झटकन वाकून मासिकाला हात लावला आणि छातीला लावला.

"हे काय?" मी विचारलं.

"सवय," तो म्हणाला आणि मासिक घेऊन दुसऱ्या खोलीत गेला.

हळूहळू विभाचा हात खांद्यापर्यंत जाऊन थांबायला लागला. मग कोपरापर्यंत. आणि मग एके दिवशी मासिक पडलं, तिने उचललं, ठेवलं, आणि कणीक पुढे भिजवायला लागली. रवींद्र म्हणे टाळ्या वाजवणार होता, पण वाजवल्या नाहीत.

वसंतात तिला पुन्हा आत घेतलं. ती आता तिथे सगळ्यात काळजीपूर्वक काम करते असं मी दुसऱ्यांकडून ऐकलं. हात मागे बांधून टेबलाजवळ जाते, आधी बघते, मग हात पुढे करते. कपाळ मोकळं असतं. घरी चैत्रगौर झाली, मंडळात कुणाची मंगळागौर झाली, कुंकू लावलं नाही म्हणून कुणी नवीन आलेली बाई कुजबुजली, विभाने कानाआड केलं. तिला हवं ते मिळालं होतं आणि ती सुखात होती. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ती सुखात नव्हती असं लिहायला मला फार आवडलं असतं.

मग दसरा आला. आमचा दसरा दसऱ्याच्या दिवशी नसतो, जवळच्या रविवारी भाड्याच्या सभागृहात असतो. टेबलावर पाटीवर सरस्वती काढतात, पुढे मुलांची पुस्तकं मांडतात, आणि पूजा विभा करते. ते कधी ठरवलेलं नाही, पण पहिल्या वर्षापासून तीच करते. यंदा कस्तुरी नावाची मुलगी नवीन आली होती, लग्न होऊन जेमतेम उन्हाळ्यात क्योतोला आलेली. जपानीचा वर्ग सुरू करायचा म्हणून तिने नवा कोरा शब्दकोश आणून सगळ्यांच्या पुढे ठेवला होता, पांढऱ्या मुखपृष्ठाचा. मी विभाच्या शेजारी ताट धरून उभी होते.

विभाने फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. चिमटीत कुंकू घेतलं. हात शब्दकोशावर गेला आणि तिथेच राहिला. मागे मुलं गोंधळ घालत होती, कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. चिमूट हळूच परत ताटात सुटली.

"तू लाव," ती मला पुटपुटली. "मला नाही जमत."

मी लावलं. बोटभर कुंकू, मुखपृष्ठाच्या मधोमध. मी बोट उचलतेय तोच विभाचा हात पुढे आला. त्यात कोरडा रुमाल होता. तो कधी काढला ते तिलाही सांगता आलं नसतं. दोन बोटांनी, न घासता, वरच्यावर, तिने कुंकू टिपून घेतलं, जसं तिला लायब्ररीत शिकवलेलं होतं अगदी तसं.

"अहो विभाताई!" कस्तुरी म्हणाली. "पूजेचं पुसलंत?"

सगळ्यांनी वळून बघितलं. मुलंसुद्धा. विभाने रुमालाकडे बघितलं. तिचा चेहरा असा झाला की मी ताट खाली ठेवलं. आपल्या हातून काय झालं हे तिला कळत होतं, आणि त्याची माफी कशी मागतात हेही तिला ठाऊक होतं. ती उभी राहिली, हात आपणहून उठेल म्हणून. तो उठला नाही. मग तिने तो उचलला, शब्दकोशाला लावला आणि कपाळाकडे नेला. वाटेत एकदा थांबून, पुढे कुठे न्यायचा ते आठवून.